केस पेपरवरची न लिहिलेली ओळ : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई.
प्रत माहितीसाठी : मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य.

विषय : बांधकामावर जखमी होणाऱ्या कामगारांची नुकसानभरपाई आणि महापालिका रुग्णालयांतील नोंदी.

सादर नमस्कार.

मी आपल्याच एका रुग्णालयात अठ्ठावीस वर्षे वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करून निवृत्त झाले. रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगायचे आहे ते कोणत्याही रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एक रात्र बसले तरी दिसेल. रुग्णाला लागणारा रॉड, प्लेट, रक्त, घरी जाताना वॉकर किंवा व्हीलचेअर यांसाठी पैसे उभे करणे हे माझे मुख्य काम होते. ऑर्थोपेडिकच्या पुरुषांच्या वॉर्डात बांधकामावरून पडलेला माणूस नाही, असा एकही आठवडा मला आठवत नाही. अशा शेकडो कामगारांसाठी मी धर्मादाय ट्रस्टांना पत्रे लिहिली, दात्यांना फोन केले आणि मिळालेल्या पैशांचा हिशेब चोख ठेवला. निवृत्तीनंतर कामगारांचे दावे चालवणाऱ्या एका वकील मैत्रिणीच्या कार्यालयात बसू लागले, तिच्याकडची कायद्याची पुस्तके चाळू लागले, आणि तेव्हा ध्यानात आले की जे पैसे मी आयुष्यभर दानशूरांकडे मागत होते ते बहुतेक वेळा ठेकेदाराचे आणि विकासकाचे देणे होते. कायद्याने ठरवून दिलेले, तक्त्यावरून पैशापर्यंत मोजता येणारे देणे होते. मी ते मागितले तर नाहीच, उलट दुसऱ्याकडून भागवून देऊन त्यांची सोय केली.

हे पत्र कामगार मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण साधे आहे. या शहरातील बहुसंख्य इमारतींना आयओडी (बांधकामाची प्राथमिक मंजुरी) आणि सीसी (काम सुरू करण्याचा दाखला) आपले कार्यालय देते. बांधकामाच्या खर्चावरचा एक टक्का कामगार कल्याण उपकर आपल्या इमारत प्रस्ताव विभागात भरून घेतला जातो आणि पुढे बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो. आणि त्याच इमारतीवरून पडलेला माणूस रात्री टेम्पोत घालून आणला जातो तो आपल्याच रुग्णालयात. झोपडपट्टी पुनर्वसन आणि म्हाडाच्या हद्दीतील परवानग्या वेगळ्या कार्यालयांतून निघतात हे मला माहीत आहे, पण तिथला जखमीही येतो तो इथेच. परवानगी, उपकर आणि केस पेपर हे तिन्ही कागद एकाच संस्थेच्या छताखाली असूनही ते कधी एकमेकांसमोर येत नाहीत. माझी सगळी तक्रार या एका गोष्टीभोवती आहे.

एक प्रसंग जवळून सांगते. २०२२ चा पावसाळा होता. नांदेड जिल्ह्यातला तीस वर्षांचा सेंटरिंगचा कारागीर पहाटे दोनच्या सुमारास आणला गेला. पश्चिम उपनगरातल्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर डक्टवर टाकलेली फळी सरकून तो खाली गेला होता. पाठीचा मणका मोडला होता आणि कमरेखालची संवेदना गेली होती. सोबत मुकादम होता. कॅज्युअल्टीतल्या निवासी डॉक्टरने काय झाले म्हणून विचारले, आणि चाळीत जिन्यावरून पडला, असे मुकादमाने सांगितले. डॉक्टरच्या पुढे आणखी अकरा जण रांगेत होते. त्याने जे ऐकले ते लिहिले : हिस्टरी ऑफ फॉल फ्रॉम हाइट ॲट होम, म्हणजे घरी उंचावरून पडला. ड्युटीवरच्या पोलीस हवालदाराने आपल्या वहीत तेच उतरवले. शुद्धीवर असलेल्या पेशंटला कोणी विचारले नाही. विचारले असते तरी मुकादमासमोर तो काय बोलला असता, हा प्रश्न आहेच.

चौथ्या दिवशी त्याची बायको गावाहून आली. तिच्याजवळच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, दोन फोटो आणि नवऱ्याची खिशात मावणारी डायरी होती. त्या डायरीत रोजच्या हजेरीची खूण होती. पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला आडवी, ओटीला, म्हणजे जादा कामाला, फुली. दर रविवारी मिळालेल्या खर्चीचा आकडा समासात लिहिलेला होता आणि पानाच्या खाली इमारतीचे नाव त्याच्या अक्षरात होते. आठव्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आला. त्याने शंभराचा स्टॅम्प पेपर आणला होता, त्यावर मजकूर आधीच टाइप केलेला होता, आणि पाकिटात चाळीस हजार रुपये होते. ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, मानवतेच्या भावनेतून दिलेली रक्कम मिळाली, यापुढे कोणतीही मागणी करणार नाही’ असा तो मजकूर. बाई आठवीपर्यंत शिकलेली होती. तिने एकेक शब्दावर बोट ठेवत वाचला आणि माझ्याकडे पाहिले. मला खरे तर हायसे वाटले होते, कारण बहुतेकांना तेवढेही मिळत नाही. तिने सही केली. पेन माझे होते.

आता हिशेब पाहा. त्या कारागिराची मजुरी रोज सातशे रुपये होती, म्हणजे सव्वीस दिवसांचे अठरा हजार दोनशे. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ खाली मासिक मजुरी ३ जानेवारी २०२० पासून जास्तीत जास्त पंधरा हजार धरली जाते. कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर या मजुरीच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. नऊ हजार गुणिले २०७.९८ म्हणजे १८ लाख ७१ हजार ८२० रुपये. मृत्यू झाला असता तर ५० टक्के धरून १५ लाख ५९ हजार ८५०. याशिवाय २००९ च्या दुरुस्तीने उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकाकडून मिळण्याचा हक्क दिला आहे. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागते आणि सबळ कारणाशिवाय विलंब केल्याचे दिसल्यास निम्म्यापर्यंत दंड. हे सगळे एका बाजूला, आणि चाळीस हजार अधिक परतीचे तिकीट दुसऱ्या बाजूला. स्क्रूंसाठी ज्या ट्रस्टने पैसे दिले त्याचे आभारपत्रही मीच टाइप केले होते.

त्या स्टॅम्प पेपरची किंमत कायद्याने शून्य आहे, हे मला तेव्हा माहीत असते तर पेन पुढे केले नसते. कलम १७ स्पष्ट सांगते की भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कोणताही करार त्या मर्यादेत रद्दबातल आहे. तडजोड करायची असेल तर तिचे टिपण नुकसानभरपाई आयुक्तांकडे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंदवावे लागते. रक्कम अपुरी आहे किंवा फसवणुकीने, दबावाने ठरवली आहे असे दिसले, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाने विधवेच्या हातात पाकीट ठेवले तरी कायदा त्याला भरपाई मानत नाही. रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते आणि वाटप तेच करतात. जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल आधी देता येते, इतकेच. भरपाईच्या हक्काची माहिती कामगाराला कामावर लावतानाच त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी, असे या अधिनियमाचे कलम १७-क २०१७ पासून सांगत होते, आणि ती न देणाऱ्याला किमान पन्नास हजारांचा दंड होता. असा कागद हातात पडलेला कामगार मला अजून भेटायचा आहे.

तोंडी चालणारा दुसरा कायदा म्हणजे बेल्टचा. ‘बेल्ट लावला नव्हता’, ‘रात्री घेतली होती’, ‘हेल्मेट काढून ठेवले होते’ ही वाक्ये जखमी माणूस स्ट्रेचरवरून उतरायच्या आत वॉर्डात पोहोचतात, आणि नातेवाईक मान खाली घालतात. कायद्यात हा बचाव आहे, पण फार थोड्या जागी. कामगार नशेत होता, किंवा सुरक्षिततेचा स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षा साधन मुद्दाम काढून टाकले असे मालकाने सिद्ध केले, तर किरकोळ व अंशतः अपंगत्वाच्या प्रकरणांत भरपाई नाकारता येते. पण मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर हा बचाव चालत नाही. कामगाराची चूक किती होती याचा काथ्याकूट करायला तिथे जागाच ठेवलेली नाही. आणि बेल्ट न लावल्याचा दोष देणाऱ्यांना मी एक गोष्ट विचारत असे : बेल्टचा हुक अडकवायचा कशाला? दोरी बांधलेलीच नसते. बेल्ट साइट ऑफिसच्या खिळ्याला लटकलेले असतात आणि पाहणीच्या दिवशी खांद्यावर येतात.

अंगठा तुटला, हात गेला, अशा प्रकरणांत वेगळीच लबाडी होते. स्टील कापणाऱ्या चाळीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा बार कटिंगच्या मशिनमध्ये गेला तर त्याला टाके घालून दोन दिवसांनी घरी पाठवतात, आणि ठेकेदार आठवड्याची मजुरी देऊन उपकार केल्यासारखे वागतो. अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत अंगठा गेला तर कमावण्याच्या क्षमतेत ३० टक्के घट धरलेली आहे. पंधरा हजारांच्या मजुरीवर, चाळिशीचा गुणक १८४.१७ घेऊन, ही रक्कम ४ लाख ९७ हजार २५९ रुपये होते. शिवाय अनुसूचीतला टक्का हा शेवटचा शब्द नाही. श्रीनिवास सबाता नावाच्या सुताराचा डावा हात गेला, तेव्हा त्याच्या मालकाने हे अंशतः अपंगत्व आहे असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. न्यायालयाने १९७५ च्या डिसेंबरात निकाल दिला की एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा हा माणूस त्याच्या कामापुरता पूर्णपणे अपंग झालेला आहे, आणि भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवसापासूनच सुरू होते. पन्नास वर्षे झाली. तरी अपंगत्वाचा दाखला देताना आपले डॉक्टर अवयवाचा टक्का लिहून मोकळे होतात. तो माणूस गवंडी होता की शिपाई, याची नोंद दाखल्यावर नसते. डॉक्टरांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांना कोणी सांगितलेलेच नाही, की हा कागद पुढे एका न्यायाधीशासमोर जाणार आहे.

तात्पुरत्या अपंगत्वाबद्दल एवढेच सांगते की पाय प्लॅस्टरमध्ये असेपर्यंत दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या २५ टक्के रक्कम देण्याची तरतूद आहे. अठ्ठावीस वर्षांत ती मिळालेला एकही रुग्ण मी पाहिला नाही.

देणे कोणाचे, यावरही पुष्कळ धूळ उडवली जाते. मुकादम ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मोठ्या कंत्राटदाराकडे आणि कंत्राटदार म्हणतो की हा माणूस आमच्या पटावरच नाही. कलम १२ ने हा खेळ पहिल्याच वर्षी संपवला होता. आपल्या व्यवसायाचे काम ठेकेदाराकरवी करून घेणाऱ्या मूळ मालकाकडून कामगार थेट भरपाई मागू शकतो, आणि मूळ मालकाने ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. नाक्यावरून एका दिवसापुरता आणलेला माणूसही यातून सुटत नाही, कारण नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकले आहेत. बोरिवली, मालाड, कुर्ला, चेंबूरच्या नाक्यांवर सकाळी सातला डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या बायका-पुरुषांना हे सांगितले तर ते हसतात. एका बिगारी बाईने मला विचारले होते, ‘ताई, ज्याचं नाव मला माहीत नाही, त्याच्यावर केस कशी लावू?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या कार्यालयात आहे. साइटच्या पत्र्यावर विकासकाचे, वास्तुविशारदाचे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे नाव असते. त्यात भरपाईच्या विमा पॉलिसीचा क्रमांक आणि कामगार कार्यालयाचा फोन क्रमांक यांची भर घालायला रंगाचा अर्धा डबाही लागणार नाही.

इथे महापालिकेच्या स्वतःच्या कामांचा उल्लेख टाळता येणार नाही. रस्त्यांचे काँक्रिटीकरण, नाल्यांची भिंत, जलवाहिनीचे खोदकाम ही कामे ठेकेदार करतात, पण काम आपले असते. मूळ मालकाची जबाबदारी फक्त धंदा करणाऱ्याची, महापालिका काही धंदा करत नाही, असा युक्तिवाद कोणी करू नये म्हणून १९२३ च्या अधिनियमातच, कलम २ च्या दुसऱ्या पोटकलमात, स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये पार पाडणे हाच त्याचा व्यवसाय समजावा असे लिहून ठेवले आहे. म्हणजे आपल्या रस्त्यावर खड्ड्यात गाडला गेलेला मजूर आपल्याकडेच भरपाई मागू शकतो. आपण आधी आपल्या निविदांमध्ये हे नीट लिहिले तर इतरांना सांगताना आवाज चढा ठेवता येईल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा अधिनियम सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आणि भरपाईचा विषय आता संहितेच्या सातव्या प्रकरणात आहे. सांगाडा तोच आहे. घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचा मानला जाईल अशी भर पडली आहे, आणि लोकलच्या दारात लटकून येणाऱ्या शहरात ती लहान नाही. सुरक्षेच्या दुसऱ्या संहितेने जखमीला किंवा वारसांना दंडातील किमान निम्मी रक्कम देण्याचा आदेश करण्याची मुभा न्यायालयाला दिली आहे. जुन्या अपघातांचे दावे जुन्या अधिनियमाखाली चालू आहेत. मात्र संहिता कोणतीही असो, अपघात कामावर झाला हे दाखवणारा पहिला कागद लागतोच, आणि तो कागद आपल्या कॅज्युअल्टीत तयार होतो.

पुन्हा त्या कारागिराकडे येते. २०२४ मध्ये त्याच्या बायकोचा मला फोन आला. पाठीला झालेली जखम भरत नव्हती आणि ड्रेसिंगचे साहित्य स्वस्तात कुठे मिळेल, एवढेच तिला विचारायचे होते. दावा करण्याची दोन वर्षांची मुदत संपायला तेव्हा सहा आठवडे उरले होते. १९९५ च्या दुरुस्तीमुळे दावेदार राहतो तिथल्या नुकसानभरपाई आयुक्तांकडेही अर्ज करता येतो, म्हणून अर्ज मुंबईत न करता नांदेडला केला. स्त्री, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, तोही मिळाला. समोरच्यांनी उत्तर दाखल केले, त्यात हा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच असे म्हटले आहे. पुरावा म्हणून त्यांनी जोडलेला पहिला कागद आपल्या रुग्णालयाचा केस पेपर आहे. ‘ॲट होम’ या दोन शब्दांखाली लाल पेनाने रेघ मारलेली आहे. आमच्या बाजूला ती डायरी आहे, उभ्या-आडव्या रेघांची. सुनावणी चालू आहे. अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो.

कोणी म्हणेल की बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आहे, त्याचा लाभ घ्यावा. जरूर घ्यावा. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसांना पाच लाख, आणि ७५ टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व आले तर दोन लाख मिळतात. पण नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि माणूस आपल्याकडे होता हे कागदावर कबूल करायला ठेकेदार तयार नसतो. परिणामी, ज्यांचे बांधकामाशी नाते जेमतेम आहे अशांच्या नोंदण्या झाल्याच्या तक्रारी होत राहतात. मंडळाचे नाव काढले की लोकांना आठवतो तो मंडळाने वाटलेला भांड्यांचा संच. भांड्यांना माझी हरकत नाही. पण अपघातानंतर काय करायचे हे सांगणारी एक पानाची पुस्तिका त्या कुकरमध्ये घालून दिली असती तर बरे झाले असते. १९ मार्च २०१८ रोजी न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने या उपकरावरच निकाल दिला. देशभर जमलेल्या सुमारे ३७,४०० कोटी रुपयांपैकी जेमतेम ९,५०० कोटी खर्च झाले होते, आणि या पैशांतून लॅपटॉप आणि कपडे धुण्याची यंत्रे घेतली गेल्याबद्दल न्यायालयाने संताप व्यक्त केला होता. एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगितली पाहिजे : मंडळाची मदत आणि मालकाची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी बुडत नाही.

हाच घोळ मोठ्या दुर्घटनांच्या वेळी होतो. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून वीस जण गेले. राज्याने पाच लाखांची आणि केंद्राने दोन लाखांची मदत जाहीर केली. त्यानंतर सव्वा महिन्याने, १० सप्टेंबरला, ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळून सात कामगार मेले, तेव्हाही बातम्यांत मदतीच्या घोषणा होत्या. सरकारने मदत करावी, त्यात गैर काही नाही. पण घोषणा झाली की विषय संपल्याचे वातावरण तयार होते, आणि मालकाकडून यायची रक्कम कोणी विचारत नाही. एकट्याने पडणाऱ्याच्या वाट्याला तर घोषणाही येत नाही. आणि माझ्या वॉर्डात येणारे बहुतेक एकटेच पडलेले असत.

माझी मागणी मोठी नाही. उंचावरून पडणे, अंगावर काही कोसळणे, विजेचा धक्का, यंत्रात अवयव सापडणे या कारणांनी आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केस पेपरवर एक ओळ छापावी : घटना कामावर घडली काय, कामाची जागा कोणती, आणतेवेळी सोबत कोण होते. हे उत्तर रुग्ण बोलू शकत असेल तर त्याच्याकडूनच, आणून सोडणाऱ्याला बाहेर थांबवून, घ्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर ती जागा कोरी ठेवून शुद्धीवर आल्यावर समाजसेवा विभागाने भरावी आणि त्यावर वेळ घालावी. अशी प्रकरणे एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, म्हणून नोंदवण्यात हयगय होऊ नये, म्हणजे पोलिसांच्या वहीतही जागा येईल. या ओळींची यादी दर आठवड्याला कामगार आयुक्तांकडे जावी. मालकाकडून प्राणघातक अपघाताचे विवरण मागवण्याचा अधिकार नुकसानभरपाई आयुक्तांना १९३३ च्या दुरुस्तीपासूनच होता, पण अपघात झाला हेच त्यांना कोणी कळवले नाही, तर तो वापरायचा कसा?

परवानगीच्या बाजूने आपल्या हाती त्याहून मोठी किल्ली आहे. सीसी देताना कामगारांच्या भरपाईचा विमा, ज्याला ठेकेदार डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात, त्याची प्रत आणि त्यात किती माणसे धरली आहेत हे पाहावे. शंभर माणसे राबणाऱ्या साइटवर दहा जणांची पॉलिसी काढलेली मी कागदोपत्री पाहिली आहे. आणि ओसी, म्हणजे इमारतीत राहण्यास परवानगी देणारा दाखला, देण्यापूर्वी, या इमारतीवर काम करताना झालेल्या अपघातांची देणी भागवली आहेत किंवा नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा केली आहेत, असे प्रमाणपत्र मागावे. विकासकाला पोलिसांचे भय कमी आणि ओसी अडकण्याचे जास्त असते, हे मी सांगायला नको. आपला विधी विभाग कदाचित म्हणेल की कामगार कायदे राबवणे महापालिकेचे काम नाही. अग्निशमन दलाचा, उद्यान विभागाचा, मलनिःसारणाचा ना-हरकत दाखला आपण ओसीपूर्वी मागतो. झाड तोडले की नाही याची चौकशी होते. माणूस पडला की नाही, याची का होऊ नये, याचे उत्तर विधी विभागाने लेखी द्यावे, अशी विनंती आहे.

आपल्या रुग्णालयांवर ताण किती आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. रात्री दोन वाजता एकटा निवासी डॉक्टर, एक सिस्टर आणि भरलेली बाके, यात आणखी एक रकाना म्हणजे आणखी एक डोकेदुखी, असे वाटणे साहजिक आहे. पण हाच रुग्ण आपल्याकडे महिनोन् महिने राहतो, त्याचा बेड, त्याची औषधे, त्याची शस्त्रक्रिया हा सगळा खर्च पालिका करते, आणि तो खर्च ज्याने करायचा त्याचे नावही आपण विचारत नाही. मुंबईकराच्या करातून विकासकाला ही सवलत का द्यावी?

अलीकडे माझ्याच जुन्या विभागात नव्याने लागलेल्या मुलीला मी भेटायला गेले होते. वय पंचवीस-सव्वीस, टेबलावर ट्रस्टांच्या पत्त्यांची तीच यादी, थोडी वाढलेली. ती एका फिटरसाठी प्लेटचे पैसे जमवत होती. कुठे पडला म्हणून मी विचारले. तिने केस पेपर उलटून पाहिला आणि म्हणाली, ‘लिहिलेलं नाहीये, मॅडम.’ आम्ही दोघी वॉर्डात गेलो आणि त्यालाच विचारले. त्याने इमारतीचे नाव, विंग, मजला, ठेकेदाराचा मोबाइल क्रमांक, सगळे धडाधड सांगितले. दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

सोबत एका कोऱ्या केस पेपरची छायाप्रत जोडली आहे. डाव्या बाजूला, ‘हिस्टरी’ या शब्दाच्या खाली, साधारण दोन बोटे जागा रिकामी असते. तिथे मी वरची ओळ हाताने लिहून दाखवली आहे. ती तिथे नीट बसते.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय समाजसेविका
परळ, मुंबई